रुसव्याची कॅसेट आणि आमचा अँटिना

माझ्या लग्नाची कॅसेट मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा अख्खं गोंडपिपरी ती माझ्यासोबत पाहत होतं. आम्ही आमच्या घरी आणि बाकीचे आपापल्या घरी. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. नव्वदीची शेवटची वर्षं होती, मी सिंदेवाहीहून लग्न होऊन नुकतीच आले होते, आणि नव्या सुनेनं कशाचंच वावगं वाटून घ्यायचं नसतं एवढं शिकवून मला पाठवलं होतं.

गावात केबल एकाच माणसाची होती. बसस्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ, स्टुडिओच्या गच्चीवर मोठी डिश, आणि लग्नांची शूटिंगही तोच करायचा. सगळे त्याला केबलभाऊ म्हणत. बाहेरचे चॅनेल तो दाखवायचा, पण त्याचा जीव होता तो स्वतःच्या लोकल चॅनेलवर. सकाळी त्यावर आरत्या, दुपारी एखादा सिनेमा, आणि सिनेमाची कॅसेट अडकली की मग लग्नं. त्यानं शूट केलेली, गावातली, तालुक्यातली, कुणाचीही. खाली पट्टी सरकत असायची. धानाचं बियाणं मिळेल. शिवणक्लास सुरू. म्हैस हरवली आहे, एक शिंग वाकडं. वर कुणाची तरी सप्तपदी चाललेली. लोक दोन्हीकडे सारख्याच भक्तीनं पाहायचे. आमच्या गावात लग्न दोनदा लागायचं, एकदा मांडवात आणि एकदा केबलवर. दुसऱ्यांदा लागेपर्यंत पहिल्याला काही अर्थ नव्हता.

त्यामुळे आमची कॅसेट लागणार असल्याचा निरोप आला, तेव्हा सासूबाईंनी घर सारवून घेतलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या वॉर्डातल्या भजनमंडळाच्या मुख्य होत्या. कुणाच्या घरचं बारसं असो की तेरवी, त्या आल्याशिवाय पान वाढलं जात नसे. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जंगल खात्याच्या लाकूड डेपोतून रिटायर झालेले, लाकडासारखेच कमी बोलणारे. आणि माझा नवरा पंचायत समितीत कारकून.

दुपारी भजनमंडळाच्या सगळ्या बाया आल्या. आलुपोहे झाले, चहा झाला. पडद्यावर वरात आली, बँड आला, घोड्यावर बसून माझा नवरा घामाघूम झालेला दिसला. बाया त्याला हसल्या, मीही पदराआड हसले. मग कॅमेरा मांडव सोडून भलतीकडे निघाला. वऱ्हाड उतरलं होतं त्या शाळेच्या खोलीत शिरला.

खोलीत सतरंजीवर आत्याबाई बसल्या होत्या. पाठ भिंतीला, तोंड खिडकीकडे. समोर माझे बाबा उभे. साडीचा खोका त्यांनी बगलेत धरला होता आणि हात जोडले होते. मागे माझी आई, डोळ्याला पदर लावून. आवाज इतका स्वच्छ आला होता की तेवढा स्वच्छ आवाज मी नंतर त्या टीव्हीवर कधी ऐकला नाही.

"विहीणबाई, पोरीचा बाप आहो मी," बाबा म्हणत होते. "चुकलंमाकलं पोटात घाला. मुहूर्त टळून राह्यला."

"टळू द्या," आत्याबाई खिडकीला म्हणाल्या. "मी उठत नाई."

"तिकडे नवरदेव उभा आहे."

"उभा राहू द्या. माझ्या जावेले काठाची साडी अन् मले बिनकाठाची. मी उठत नाई म्हंजे नाई."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण केबलभाऊ कलावंत होता. त्यानं आत्याबाईंचे डोळे जवळून घेतले, मग साडीचा खोका घेतला, मग बाबांचे जोडलेले हात, मग छताचा पंखा, मग पुन्हा डोळे. मागे शहनाई घातली होती. शेवटी आत्याबाईंचा चेहरा बदामाच्या आकारात गोळा झाला आणि त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. खाली पट्टीवर खताचा नवा साठा आल्याची सूचना सरकत होती.

एका बाईनं कप खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. आमच्याकडे रोज दुपारी लाईन, म्हणजे वीज, जायची, आणि लाईन जावी म्हणून मी कधी एवढी वाट पाहिली नव्हती. त्या दिवशी गेली नाही.

"चहा अजून कोणाले पायजे?" आत्याबाईंनी विचारलं. कुणाला नको होता.

बाया गेल्यावर आत्याबाईंनी टीव्ही बंद केला आणि त्यावर फडकं टाकलं. मी भांडी गोळा करत होते. नवऱ्याकडच्या विहिणीनं लग्नात रुसायचं असतं, हे काही नवं नव्हतं. आमच्याकडे रुसली नाही ती विहीणच नव्हे. पण आजवर ते रुसवे खोलीतल्या खोलीत होत आणि जेवणावळीत विरून जात. कुणाचा रुसवा तालुकाभर दाखवला गेला नव्हता. मला वाटलं, आता त्या माझ्या बाबांबद्दल दोन शब्द बरे बोलतील.

"तुझ्या बापानं एवढे हात काऊन जोडले?" त्या म्हणाल्या. "जोडले नसते तं एवढं वाईट दिसलं नसतं."

पुढच्या आठवड्यात ती कॅसेट पुन्हा लागली. मग पुन्हा. लोक स्टुडिओत जाऊन मागत होते म्हणे. सिनेमा लावला तर लोक केबलभाऊला विचारायचे, ते रुसव्याचं काऊन नाई लावत. पाहता पाहता आत्याबाईंचं वाक्य गावाचं झालं. पिठाच्या गिरणीत डबा उचलायला सांगितलं की गिरणीवाला म्हणायचा, मी उठत नाई. चंद्रपूरची गाडी स्टँडवर लागली, तरी कंडक्टर सीटवर बसून म्हणायचा, मी उठत नाई म्हंजे नाई, आणि गाडीभर हशा व्हायचा. पंचायत समितीत साहेबांनी शिपायाला हाक मारली तर शिपाई आधी माझ्या नवऱ्याकडे बघायचा आणि मग उठायचा. माझा नवरा तेव्हापासून डबा घरी येऊन खायला लागला.

हे सगळं आत्याबाईंनी सोसलं. पण एका गुरुवारी भजन संपलं, आरतीला उभं राहायची वेळ आली, आणि मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. मग एकीचं पाहून दुसरी. टाळ हातात घेतलेल्या बाया टाळ न वाजवता हलत होत्या. आत्याबाईंनी आरती पुरी केली, प्रसाद वाटला, घरी आल्या, आणि चपला न काढता मला म्हणाल्या, "चाल माझ्यासंगं."

आम्ही स्टुडिओत गेलो. केबलभाऊ काऊंटरवर बसून एका पासपोर्ट फोटोला कात्री लावत होता. त्यानं आम्हाला बसायला स्टूल दिलं, आणि माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला, जसं काही मी त्याच्या सिनेमातली नटी होते.

"ते कॅसेट बंद कर," आत्याबाई म्हणाल्या.

"काकू, पब्लिक मागते."

"पब्लिकच्या मायच्या लग्नाची लाव."

"तिच्या लग्नात शूटिंग नव्हती ना." तो मनापासून सांगत होता. "तुमच्यासारखा आवाज कोणाचाच नाई आला काकू. लोकं लग्नात मुळूमुळू बोलतात. तुम्ही कसं खणखणीत बोलल्या."

आत्याबाईंचा चेहरा क्षणभर सैल झाला. मी पाहिलं. मग त्यांनी तो आवरला.

"तेवढा तुकडा कापून टाक."

"तो कापला तं कॅसेटात राह्यते काय?" मग त्यानं जरा विचार केला. "असं करतो, पाकळ्या वाढवतो. लाल अन् पिवळ्या, दोन्ही."

आत्याबाई उठल्या. घरी आल्यावर त्या खुर्चीवर चढल्या आणि भिंतीतून आत आलेली केबलची काळी वायर दोन्ही हातांनी ओढून काढली. भिंतीचा पोपडा सोबत आला. त्या म्हणाल्या, "आता दाखव म्हणा."

मामाजींना झालेला आनंद मी पहिल्यांदाच पाहत होते. केबल यायच्या आधी त्या घरावर अँटिना होता. मामाजींनी तो उतरवून, फडक्यात बांधून माळ्यावर ठेवला होता, कारण डेपोतल्या माणसाला काही टाकून देण्याची सवय नसते. तो खाली आला. त्याच्या नळ्या वाकल्या होत्या आणि एका नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. मामाजींनी तो अंगणात पसरला आणि अर्धा दिवस राखेनं घासला. मग बांबू आला. आमचा मुलूख बांबूचा, पण घरावर उभा करायचा बांबू कसा असावा याबद्दल मामाजींची मतं होती. पहिला त्यांनी परत पाठवला, वाळला नाही म्हणून. दुसरा फार जाड होता. तिसरा त्यांनी बोटानं वाजवून पाहिला आणि पास केला.

रविवारी माझा नवरा छपराच्या कवेलूंवर चढला. मामाजी अंगणात उभे राहून हातानं दिशा दाखवत होते. मी टीव्हीसमोर, आणि आत्याबाई दारात, म्हणजे माझं म्हणणं छपरापर्यंत पोचवायला.

"आलं काय?" वरून नवरा विचारायचा.

"मुंग्या हायेत," मी सांगायची.

"मुंग्या," आत्याबाई अंगणाला सांगायच्या.

"चंद्रपूरकडं धर," मामाजी म्हणायचे. "उत्तरेले, थोडा डावा."

चंद्रपूरकडून सरकारी चॅनेल आलं. एक माणूस शेतकऱ्यांना तुडतुड्यांविषयी काही सांगत होता, पण तुडतुडे कोणते आणि मुंग्या कोणत्या हे कळत नव्हतं. माणसाच्या मागे त्याची सावली बसली होती आणि ती त्याच्या जरा नंतर बोलत होती. मामाजी म्हणाले, छान आलं. एवढ्यात नवऱ्याच्या पायाखालचं कवेलू सरकलं, त्यानं तोल सावरायला बांबूला मिठी मारली आणि अँटिना गर्रकन दक्षिणेकडे फिरला.

टीव्हीत एकदम एक बाई आली. स्वच्छ. तिच्या कपाळावरचं कुंकू, केसातला मोगऱ्याचा गजरा, साडीचा काठ, सगळं दिसत होतं. ती हात जोडून तेलुगूत बातम्या सांगायला लागली. नदीच्या पलीकडे आंध्र, आणि तिकडचा टॉवर आमच्या घरावर आमच्या टॉवरपेक्षा जास्त प्रेम करत होता.

"फिरव मांगं," मामाजी म्हणाले. "आपलं मराठी आण."

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. त्या दारातून आत आल्या होत्या आणि त्या बाईकडे पाहत होत्या.

"तुले समजते काय त्यातलं?"

"नाई समजत म्हूनच राहू दे. ते मले काही बोलली तरी मले कळणार नाई."

अँटिना दक्षिणेकडेच राहिला. मामाजी रोज सकाळी अंगणात येऊन त्याच्याकडे पाहायचे आणि नाराज होऊन पेपर वाचायला देवळात जायचे.

काही दिवस आमच्या घरी फार शांतता होती. आत्याबाईंना वाटत होतं की त्यांनी प्रश्न सोडवला. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं, म्हणजे घरात एखादी गोष्ट दिसेनाशी झाली की ती संपली असं वाटतंच. मग एका दुपारी शेजारची बाई विरजण मागायला आली आणि जाता जाता म्हणाली, "काल तुमची कॅसेट पुन्हा लागली होती. तुम्ही पाह्यली नसंल ना आता. यायचं ना आमच्या घरी."

ती गेल्यावर आत्याबाईंनी विरजणाचं भांडं जागेवर ठेवलं आणि भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. वायर आमच्या भिंतीतून निघाली होती, गावाच्या नाही. सगळं गाव त्यांना पाहू शकत होतं, फक्त त्याच स्वतःला पाहू शकत नव्हत्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगण्यासारखंही नव्हतं. पण काढलेली वायर परत लावून घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

गावानं मात्र आमच्या अँटिन्याचा आपापला अर्थ लावला. चांगली चालती केबल कुणी उगाच काढतं काय? कुणी म्हणालं, सून रात्रंदिवस सिनेमे पाहते म्हणून सासूनं काढली. कुणी म्हणालं, सासू पुन्हा रुसली, आता सुनेशी बोलत नाही, तेलुगू लावून बसते. हे दुसरं लोकांना जास्त पटलं. ते गिरणीतून स्टँडवर गेलं, स्टँडवरून कंडक्टरनं ते मूल गावाला नेलं, आणि तिथून ते सिंदेवाहीला माझ्या माहेरी पोचलं. पोचेपर्यंत त्यात आणखी भर पडली होती. मी उपाशी होते.

बाबा आले ते एका रविवारी सकाळी. आदल्या रात्रीच्या वादळानं अँटिना हलला होता, म्हणून माझा नवरा पुन्हा छपरावर होता. आत्याबाई अंगणात उभ्या राहून वर तोंड करून ओरडत होत्या, "दक्षिणेले, दक्षिणेले, तुले दक्षिण समजत नाई काय." मी दारात कांदा चिरत बसले होते आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. फाटकातून बाबांना दिसलं ते एवढं. जावई छपरावर पळून गेलेला, विहीण त्याच्यावर ओरडत असलेली आणि पोरगी रडत असलेली.

त्यांनी फाटक उघडलं. बगलेत साडीचा खोका होता. ते अंगणाच्या मधोमध आले आणि त्यांनी हात जोडले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "काय चुकलं असंल ते मले सांगा. पोरीवर राग नका काढू."

आत्याबाई वळल्या. त्यांनी जोडलेले हात पाहिले, खोका पाहिला. शेजारच्या कुंपणावर तोपर्यंत दोन डोकी आली होती.

"हात खाली करा भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "इथी शूटिंग नाई चालू."

बाबांना समजलं नाही. त्यांनी हात तसेच ठेवले. मी कांदा टाकून उठले आणि म्हणाले, "बाबा, मी रडत नाही, कांदा आहे." वरून नवरा म्हणाला, "आलं काय?" कुणी उत्तर दिलं नाही म्हणून तो बांबू धरून तसाच बसला.

आत्याबाईंनी बाबांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. त्यांनी मला चहाला पाठवलं, पण स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये आमच्याकडे एक कुडाची भिंत होती, आणि कुडाच्या भिंतीआड काही लपत नाही.

"कोणी सांगतलं तुमाले, मी रुसली म्हून?"

"कंडक्टर सांगत होता म्हणे."

आत्याबाईंनी खोक्याकडे बोट दाखवलं. "हे काय आणलं?"

"साडी. काठाची." बाबांनी खोका पुढे केला. "यावेळी दुकानात मी काठ मोजून घेतला."

"इवाई," आत्याबाई म्हणाल्या. व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. "ते पहिली साडी होती ना, लग्नातली. तिलेबी काठ होता."

"हो," बाबा म्हणाले.

"तुमाले ठाऊक होतं?"

"मीच घेतली होती ना."

चहा उतू जात होता, मी तो खाली उतरवायला विसरले.

"मी तवा खोका उघडलाच नव्हता," आत्याबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज केबलवरच्यासारखा खणखणीत नव्हता. "घरी आल्यावर उघडला. जावेनं कानात सांगतलं, तुमाले बिनकाठाची आणली. अन् म्हणाली, एकदा तरी रुसा, नाई तं पोराकडच्या मायची काही किंमत राहत नाई. माझ्या लग्नात माझी सासू रुसली होती, नथीसाठी. माझा बाप असाच उभा होता. मले वाटलं, हे कराच लागते."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुम्ही म्हणाचं ना, विहीणबाई, खोका उघडून पाहा."

"पोरीच्या बापाले तेवढी सोय नसते," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस आला की छत्री उघडावी लागते असं सांगावं तसं ते सांगत होते. मग त्यांनी विचारलं, "अन् म्हटलं असतं, तं तुम्ही उठल्या असत्या काय?"

आत्याबाईंनी खरोखर विचार केला. कुडाच्या फटीतून मला त्यांचा चेहरा अर्धा दिसत होता.

"नाई," त्या म्हणाल्या.

मग दोघंही हसले. आधी बाबा, मग त्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि मला म्हणाल्या, "कांदा तिकडे ने." कांदा दारात होता.

त्यांनी दुसरी साडी घेतली नाही. माझ्या आईसाठी परत पाठवली, आणि आईनं ती पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नाला नेसली. बाबांना त्यांनी जेवू घातलं, वांग्याची भाजी आणि सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि पान स्वतः वाढलं. जेवताना समोर टीव्ही चालू होता. तेलुगूत कुणाचं तरी गाणं चाललं होतं. बाबांनी आदरानं ते सगळं ऐकलं आणि विचारलं, "आपलं मराठी नाई येत काय यावर?"

"येते," मामाजी म्हणाले. त्या दिवशी ते एवढंच बोलले, पण इतकं दुःखानं बोलले की बाबांनी पुढे विचारलं नाही.

जाताना बाबांना सोडायला मी स्टँडवर गेले. गाडीत तोच कंडक्टर होता. त्यानं बाबांना पाहिलं, कॅसेटमधले हे तेच असं त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं उठून त्यांना खिडकीची जागा दिली. कॅसेटचा एवढा एक फायदा आमच्या घराला झाला.

आत्याबाईंनी जावेशी भांडण काढलं नाही. एका हळदीकुंकवाला दोघी भेटल्या तेव्हा मी सोबत होते. जाऊ म्हणाली, "केबलवर मस्त दिसता तुम्ही." आत्याबाई म्हणाल्या, "तुमाले काठाची साडी कशी शोभून दिसते," आणि दोघी हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही, आता थोडं थोडं कळतं.

उन्हाळ्यात पुन्हा लग्नं आली. विठ्ठलवाड्याच्या एका लग्नात नवरदेवाचे आतोबा बँडपुढे नाचता नाचता नालीत पडले आणि पडल्यावरही नाचायचे थांबले नाहीत. केबलभाऊनं ते तिन्ही बाजूंनी घेतलं होतं. ती कॅसेट लागली आणि आमची मागं पडली. गिरणीवाला आता डबा उचलताना नालीतला नाच करून दाखवायचा. स्टँडवर, पंचायत समितीत, सगळीकडे आतोबा. माझा नवरा पुन्हा ऑफिसात डबा खायला लागला, आणि तो शिपाई आता दुसऱ्या एका कारकुनाकडे बघून हसतो, असं त्यानं मोठ्या समाधानानं सांगितलं. दुसरा कारकून विठ्ठलवाड्याचा होता.

आत्याबाई दळण घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं.

"कोणी काही बोलत नाई आता," त्या म्हणाल्या. डबा ठेवून त्या थोडा वेळ बसल्या. "लोकांच्या ध्यानात काही राहत नाई."

नवऱ्यानं संधी साधून विचारलं, मग केबल परत लावायची काय. क्रिकेट येत होतं आणि त्याला ते मुंग्यांशिवाय पाहायचं होतं. आत्याबाईंनी साफ नाही म्हटलं. त्यांना त्या बातम्यांच्या बाईची सवय झाली होती. ती दर संध्याकाळी हात जोडून यायची, काहीतरी गंभीर सांगायची आणि हात जोडून जायची. तिनं आजवर गावातल्या कुणाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

शिवाय आम्ही दोघी तेलुगू मालिका पाहायला लागलो होतो. भाषा येत नव्हती, पण कोण कुणावर रुसलं हे समजायला भाषा लागत नाही. आत्याबाई एखादी बाई तोंड फिरवायच्या आधीच सांगायच्या, "पाहा, आता हे बसते." आणि ती बसायची. या विषयात त्यांना गावात तोड नव्हती. आमचा वाद व्हायचा तो एका मिशीवाल्यावरून. माझ्या मते तो नायिकेचा नवरा होता. आत्याबाईंच्या मते तो तिचा मोठा भाऊ होता, आणि म्हणूनच तो तिला इतका बोलायचा. मी म्हणायची, भाऊ असता तर तिनं त्याच्यासाठी उपास कशाला केला असता. त्या म्हणायच्या, तुमच्या सिंदेवाहीकडे नसतील करत भावासाठी उपास. यावरून एकदा आम्ही दोन दिवस एकमेकींशी कमी बोललो.

आठवडी बाजारात नदीपलीकडून तेलुगू बोलणाऱ्या बाया मिरच्या विकायला यायच्या. त्यांच्यातल्या एकीपुढे आत्याबाई बसल्या, मिरची हातात घेतली, देठ मोडून पाहिला, आणि हात जोडून म्हणाल्या, "नमस्कारम. वार्तलु."

मिरचीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. बातम्या, असं कुणी सकाळी सकाळी म्हटल्यावर काय करावं हे तिला सुचेना. मग तिनं शेजारणीला हाक मारली आणि दोघी पोट धरून हसल्या. आत्याबाईही हसल्या. त्यांच्यावर लोक हसतात हे त्यांना सवयीचं झालं होतं आणि यावेळी हसणं त्यांनी स्वतः आणलं होतं. मिरचीवालीला मोडकंतोडकं मराठी येत होतं. आत्याबाईंनी तिला आमचा वाद सांगितला. मिशीवाला, उपास करणारी, आणि तो तिला बोलतो तो घराचा चौक.

मिरचीवालीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, मिशीवाला एका मालिकेत आहे आणि उपास करणारी दुसऱ्या. त्या दोन वेगळ्या दिवशी लागतात. दोन्हींत घर तेच दाखवतात, एवढंच, पण ते दोघं कधी समोरासमोर येतच नाहीत.

आम्ही मिरच्या घेऊन घरी आलो. संध्याकाळी मालिका लागली, आणि ती अर्धी आहे हे कळल्यावर आम्हा दोघींना तिच्यात काही गोडी वाटेना. मिशीवाला एकटाच कुणावर तरी ओरडत होता. घरी त्याचं कुणीच नव्हतं, त्याच्यासाठी कुणी उपासही करत नव्हतं.

"त्या मिरचीवालीले काय कळते," आत्याबाई शेवटी म्हणाल्या.

मीही तेच म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून आम्ही त्या दोन्ही पुन्हा एकच धरून पाहायला लागलो.